मामांची निळी फुली

"देखो ना, उनो बुड्ढा स्लाइडकू सूंघरा."

मेडचल रस्त्यावरच्या वॉटर पार्कात, तिकिटाच्या खिडकीपाशी, माझ्या पुढे उभी असलेली बाई आपल्या जावेला सांगत होती. दोघी हसल्या. मी मान वर केली नाही, कारण बघायची गरज नव्हती. उंच लोखंडी जिन्याच्या टोकाला, पट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीत, खांद्यावर ओला पंचा टाकून, निळ्या फायबरच्या घसरगुंडीत डोकं घालून जो माणूस ओणवा झाला होता तो माझा सख्खा मामा होता. मी दोन पावलं बाजूला सरकले आणि भिंतीवर लिहिलेले नियम वाचू लागले. तेल लावून पाण्यात उतरू नये. थुंकू नये. नियमाखालीच कोणीतरी पानाची पिंक टाकली होती.

मामा सगळंच हुंगत. दूध हुंगत, नवी चप्पल हुंगत, चिक्कडपल्लीच्या बाजारात टोमॅटो उचलून नाकाशी नेत आणि परत ठेवून देत. "सूंघकेच पेट भरता क्या साब?" असं भाजीवाली विचारायची. "तुमारा माल सूंघा तो भूकच मर जाती," असं मामा तितक्याच शांतपणे म्हणायचे आणि पुढच्या टोपलीकडे वळायचे. माझी बारावीची गुणपत्रिकासुद्धा त्यांनी आधी हुंगली आणि मग वाचली. "शाई चांगली वापरलीय," एवढंच म्हणाले. मला त्या वेळी रडू आलं होतं. गुणांचं नव्हे, कागदावर टेकलेल्या त्यांच्या नाकाचं. नाकाला तपकिरीचा डाग असायचा, तो कागदाच्या कोपऱ्यावर अजून आहे.

हे नाक त्यांना कारखान्यानं दिलं होतं. बालानगरकडच्या एका सरकारी कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. मशीनवरून उतरलेला नग त्यांच्या टेबलावर यायचा. ते हात फिरवायचे, कडा अंगठ्यानं चाचपायचे, डोळ्यांजवळ धरायचे, हुंगायचे. रंग कच्चा असला, तेल जळलेलं असलं, तर त्यांना वासावरून कळायचं. मनाला पटलं नाही तर खिशातून निळा खडू काढून त्या नगावर एक फुली मारायचे. त्यांच्या खात्याची रीत अशी की फुली मारलेल्या नगाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. साहेब लावत नसे, युनियनचा पुढारी लावत नसे. वस्तू दुरुस्त होऊन आली की मामा पुन्हा बघणार आणि आपली फुली आपणच पुसणार. तीही कशी, तर अंगठा जिभेला लावून. लहानपणी एकदा त्यांनी मला कारखाना दाखवायला नेलं होतं, तेव्हा मी हे पाहिलं. त्याच अंगठ्यानं त्यांनी नंतर माझ्या कपाळावरची टिकली सरळ केली.

मग देशाची दारं उघडली. कारखान्यात तयार भाग बाहेरून खोक्यांत येऊ लागले आणि त्यांच्या तपासणीचे कागदही त्याच खोक्यांत असत. मामांच्या खात्याचं काम संपलं. त्यांना सन्मानानं लवकर घरी पाठवण्यात आलं. शाल, भिंतीवरचं घड्याळ, आणि एका चहापार्टीत साहेबांचं इंग्रजी भाषण. मामी मी लहान असतानाच गेल्या होत्या, मूल नव्हतं. घरात बसून मामा खोक्यातून येणाऱ्या सगळ्या नव्या जगाला नावं ठेवू लागले. कोकची बाटली, केबलवाल्याची जोडणी, प्लास्टिकच्या खुर्च्या, कशालाच त्यांच्याकडून मान्यता मिळेना. "आता माल कोणी बघत नाही," ते म्हणायचे, "डबा बघायलेत सगळे."

आणि याच माणसानं वॉटर पार्कचं कार्ड काढलं.

त्या वर्षांत शहराबाहेर ज्याच्याकडे चार एकर आणि एक बोअर होती तो पार्क काढत होता. द्राक्षांची बाग मोडून एकानं काढलं, लग्नाचं कार्यालय चालेना म्हणून दुसऱ्यानं, कोंबड्या मेल्या म्हणून तिसऱ्यानं. दोन घसरगुंड्या, एक लाटांचं टाकं, डोक्यावर पाणी ओतणारा एक सिमेंटचा हत्ती. एक मोठं पार्क येणार अशी हवा होती, म्हणून अशा पाच लहान मालकांनी एकत्र येऊन उन्हाळ्यापुरतं एक सामाईक कार्ड काढलं. पाच पार्क, एक कुटुंब, चार माणसं. मामांना एकट्याला कुटुंब नव्हतं, म्हणून त्यांनी आई, मी आणि माझी नऊ वर्षांची बहीण चिनू यांना कार्डावर घेतलं. पाचवी जागा नाही हे ऐकून बाबांना झालेला आनंद लपत नव्हता.

हिमायतनगरच्या स्टुडिओत आमचा चौघांचा फोटो काढला. कार्ड देणाऱ्या माणसानं आईकडे बोट करून "वाइफ?" असं विचारलं. मामा एवढ्या मोठ्यानं "बेहेन" म्हणाले की शेजारच्या टेबलावरचा माणूस दचकला. "बेहेन फॅमिलीमें नै आती साब," तो म्हणाला. "तुमारी नै आती होगी," मामा म्हणाले. कार्ड मिळालं.

त्या उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी सहाला मामांच्या जुन्या मारुती व्हॅनचा हॉर्न आमच्या गल्लीत वाजायचा. मला त्या व्हॅनची किळस यायची. मागच्या आठवड्याचे पंचे सीटखाली तसेच असत, त्यांना ओल्या कुत्र्यासारखा वास येई. मामा एका हातानं गाडी चालवत आणि दुसऱ्या हातानं उकडलेली अंडी सोलत. टरफलं पायाशी टाकत. सिग्नलला थांबलं की गाडीच्या किल्लीनं कान कोरत आणि जे निघेल ते बघत, मग हिरवा दिवा लागला की तीच किल्ली पुन्हा खाली लटकू लागे. आई म्हणायची, "दादा, पोरी मोठ्या झाल्यात, जरा बघून." मामा म्हणायचे, "बघूनच करायलो ना." मी खिडकीकडे तोंड करून बसायची. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी रविवारी कोठीच्या बाजारात पुस्तकं बघायला जायच्या. मी आजीला बरं नसतं असं त्यांना सांगत असे.

पार्कं तर व्हॅनहून घाण होती. तिथे शिरताना काउंटरवर एका पिंपातून भाड्याचे पोहायचे कपडे काढून देत, ओलेच, आदल्या माणसाच्या अंगावरून उतरलेले. बायका साडीनं, पंजाबी ड्रेसनं, तेल थापलेल्या वेण्यांनी पाण्यात उतरत. दुपारपर्यंत टाक्याचं पाणी भातावरच्या पेजेसारखं दिसायचं. त्यात केस, बिंदी, चिकटपट्ट्या आणि एकदा अर्धं केळं. लाउडस्पीकरवर गाणं लागे आणि टँकरचं पाणी वरून पावसासारखं सोडत, त्याखाली पुरुष शर्ट काढून नाचत. शामीरपेटच्या पार्कात कुंपणाच्या पलीकडे, त्याच टँकरच्या गळक्या नळाखाली, गावातल्या चार बायका घागरी लावून बसल्या होत्या. आतला पाऊस संपेपर्यंत त्यांच्या घागरीत थेंब थेंब पडत होता. मी त्या दिवशी पाण्यात पायही घातला नाही.

मामा मात्र पाणी तोंडात घेत. खरंच घेत. ओंजळभर घ्यायचं, गालात घोळवायचं आणि कुंपणाबाहेर पिचकारी मारायची. "क्लोरीनचा वास जोरात यायला म्हणजे पाणी साफ आहे असं नसतं," ते मला सांगत, "क्लोरीनला आत घाण सापडली की तो असा ओरडतो." मग घसरगुंडीची पाळी. पोरांची रांग थांबवून ते वर चढत, प्रत्येक जोडावर हात फिरवत, नाक टेकवत. फायबर नीट वाळलेलं नसलं तर एक उग्र गोडसर वास येतो म्हणे. मग खाली येऊन चिनूला म्हणत, "हौ, जा." चिनू खाली यायची तेव्हा ते टोकाशी कमरेइतक्या पाण्यात उभे असत. तिला दोन्ही हातांनी झेलत, कोपरं बघत, गुडघे बघत आणि पुन्हा वर पाठवत. दिवसभर. आई सावलीत बसून त्यांच्याकडे बघायची आणि म्हणायची, "नोकरी लागली बघ दादाला परत."

माझ्याबद्दल त्यांना काय वाटत होतं ते फार थोड्या वेळा कळलं. भाड्याचे कपडे मी घालणार नाही हे त्यांनी न सांगता ओळखलं. पुढच्या रविवारी व्हॅनच्या मागच्या भागाला आतून चादर लावलेली होती, आणि गाडी त्यांनी भिंतीकडे दार करून लावली. मी कपडे बदलून येईपर्यंत ते पलीकडे पाठ करून अंडी सोलत उभे होते. चादर धुतलेली होती, आणि त्या व्हॅनमधली ती एकच गोष्ट तशी होती. परत येताना ते एकदम म्हणाले, "तू सगळं बघतीस. मान खाली घालून बघतीस, पण बघतीस. बोलत मात्र नाहीस काही. माझ्या खात्यात तू टिकली नसतीस." मी खिडकीकडे तोंड वळवलं. आई हसली.

प्रत्येक पार्कात ते मालकाला किंवा मॅनेजरला गाठत. इथला नट गंजलाय, तिथली कड वर आलीय. कोणी हसून मान डोलवे, कोणी "देखते अंकल" म्हणे. विकाराबादकडच्या पार्कात तर त्यांच्या हातात थंड पेयाची बाटली दिली आणि खुर्चीत बसवलं. त्यांनी ती प्यायली. मला त्याचाही राग आला. तीस वर्षं ज्याच्या फुलीला कोणी हात लावला नाही त्याला एका बाटलीवर गप्प केलं आणि तो गप्प बसला. व्हॅनमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "एकानं तरी जाऊन बघायला पाहिजे होतं. बघून नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं." आईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी कान कोरायच्या त्या किल्लीकडे बघत राहिले आणि पहिल्यांदा मला त्यांची किळस आली नाही, त्यांच्या बाजूनं आली.

मामा गेल्या वर्षी गेले. शेवटी तपासायला आलेल्या डॉक्टरच्या नळीचं टोकही त्यांनी हुंगलं असं आई सांगते, आणि "साफ करून लावा" म्हणाले. लोक भेटायला आले तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या नाकाच्या गोष्टी सांगितल्या आणि सगळे हसले. मी एक गोष्ट सांगितली नाही. आईनं ती खालून, अर्धीच पाहिली होती. आता लिहिते.

नागार्जुनसागर रस्त्यावरचं पार्क हे पाचवं आणि शेवटचं. कोंबड्यांच्या शेडला निळा रंग देऊन कपडे बदलायच्या खोल्या केल्या होत्या आणि उन्हात तो जुना वास भिंतींतून परत येत होता. तिथे नुकतीच एक नवी, वळणावळणाची, सगळ्यांत उंच घसरगुंडी बसवली होती. जिन्यावर शंभरेक पोरं असतील. मामा नेहमीप्रमाणे सगळ्यांना ओलांडून वर गेले. या वेळी ते लवकर खाली आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा चेहरा कारखान्यातला होता.

"तिसरा जोड कच्चा आहे," ते आईला म्हणाले. "कड वर आलीय आणि वास मारायला. फुली मारून आलोय. चिनूला सोडू नको." आईनं विचारलं, "अरे, फुली कुणाला कळणार इथं?" ते म्हणाले, "फुली आहे ना." जणू त्यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतंच.

मी वर बघितलं. जिन्याच्या टोकाशी, घसरगुंडीच्या कोरड्या बाहेरच्या काठावर, निळ्यावर निळी फुली मला अंधुक दिसली. तिथे शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस ती बघत होता. मग त्यानं ती पायाच्या टाचेनं पुसली आणि शिट्टी वाजवली. पुढचं पोर खाली गेलं. मामा तोपर्यंत मॅनेजरच्या खोलीकडे निघाले होते. मला वाटलं, त्यांना हे सांगू नये. तरी मी सांगितलं. ते एक क्षण थांबले, मग चालू लागले.

मॅनेजर तरुण होता, त्या उन्हातही टाय लावलेला. मामा त्याला सांगू लागले, "भाई, तीसरा जोड कच्चा है, बच्चेकी पीठ फाटेगी, आज बंद रखो, मैं दिखाता चलो." त्यानं मामांच्या चड्डीकडे बघितलं, पोटाकडे, नाकावरच्या डागाकडे. मग त्यांना ओलांडून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात पुस्तक होतं, इंग्रजी. "इज ही विथ यू, मॅडम?" त्यानं अगदी सभ्यपणे विचारलं.

मला ते इंग्रजी आवडलं, हे मी लपवत नाही. त्या सगळ्या घाणीत ते एक धुतलेलं वाक्य होतं. "वी आर जस्ट शेअरिंग द कार्ड," मी म्हणाले. आम्ही फक्त एका कार्डावर आलोय.

मामांना इंग्रजी बोलता येत नसे, कळत असे. तीस वर्षं सगळी ड्रॉइंग इंग्रजीतच होती. ते माझ्याकडे वळले नाहीत. "हौ, बराबर," म्हणाले, कोणाला ते कळलं नाही. मग बाहेर गेले. मॅनेजर मला बसायला खुर्ची देत होता. त्या दिवशी किळस वाटण्यासारखं बरंच होतं, कोंबड्यांचा वास होता, ओले पंचे होते, पण त्या खुर्चीकडे बघून मला जी किळस आली ती त्यातल्या कशाचीच नव्हती.

बाहेर आले तर आरडाओरडा चालला होता. आई रांगेच्या तळाशी उभी राहून वर बघत होती. चिनू तिच्या हातातून निसटून मघाशीच वर पोचली होती. आणि मामा घसरगुंडीच्या तोंडात, वाहत्या पाण्यात, मांडी घालून बसले होते. दोन्ही हातांनी दोन्ही काठ धरले होते. त्यांच्या पाठीवर पाणी आपटून बाजूनं जिन्यावर उडत होतं. पोरं शिट्ट्या मारत होती. "बाबा, ध्यान लगारे क्या?" कोणी ओरडलं. कोणी त्यांच्या डोक्यावर मग्यानं पाणी ओतलं. दोन गार्ड त्यांच्या काखेत हात घालून ओढत होते आणि ते सुटत नव्हते. चिनू रडकुंडीला येऊन म्हणत होती, "मामा, उठा ना, सगळे हसायलेत."

त्या जोडाचं खरं काय होतं ते मला आजही माहीत नाही. आमचं कार्ड त्याच दुपारी फाटकावर काढून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात ते पार्क बंद होतं, का ते कोणी सांगितलं नाही. मामांचं नाक चुकलं असेल, नसेलही. तिथे ते बघायला कोणी तयार नव्हतं, एवढंच मी पाहिलं.

मी जिना चढले. कठड्याला केस चिकटलेले होते, पायरीवर कोणाची तरी चिकटपट्टी माझ्या तळव्याला लागली. लोक वाट देत नव्हते, मी ओल्या अंगांमधून, तेलकट वेण्यांमधून वर सरकत गेले. वर पोचल्यावर चिनूला माझ्या मागे उभं केलं. मामांच्या शेजारी, त्या पेजेसारख्या पाण्यात, मी पंजाबी ड्रेससकट बसले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. अंड्यांचा, खोबरेल तेलाचा, तपकिरीचा वास आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, थोडे सरकले मात्र, मला काठ धरायला मिळावा म्हणून.

खालून मॅनेजर हात हलवत इंग्रजीत काहीतरी म्हणत होता. रांग एकदम शांत झाली होती, बहुधा मुलगी बघून. म्हातारा गार्ड दम खात माझ्याकडे वाकला. "अम्मा, तुम तो पढेलिखे दिखरे. तुम बोलो ना इनकू, उठो बोलके."

घरी मराठी, बाहेर इंग्रजी, एवढंच मी बोलत असे. शाळेत ही बाजारातली दख्खनी बोलल्याबद्दल बाकावर उभं करत. तोंड उघडलं तेव्हा जे आलं ते मात्र त्या जिन्यावरच्या शेवटच्या पोरालाही कळावं इतक्या मोठ्यानं आलं.

"मामा नक्को बोले. नक्को बोले तो नक्को."